न बोललेलं वाक्य आधी शोधा

भाऊबीजेपासून झाडीपट्टीतल्या गोंदियाच्या गावोगावी मंडईची जत्रा भरू लागली की दिवसा दंडारीचं लोकनाट्य आणि रात्री नाटक ठरलेलं. तसाच एक शेराही ठरलेला: "मध्येच गाणं, मध्येच नाच, वर वन्स मोअर. हे कसलं नाटक?" बोलणारा बहुधा आपल्याच घरचा, नागपूर-पुण्यात शिकलेला मुलगा असतो. आपण चिडतो किंवा गप्प बसतो. दोन्ही नको.

तो सांगतो ते खोटं नाही. गोष्ट ऐन रंगात असताना थांबते, नायिका गाते, लोक तेच गाणं पुन्हा मागतात. पण 'गोष्ट थांबते' इथून 'हे नाटकच नव्हे' इथवर जायला मधे एक वाक्य लागतं आणि ते त्याने उच्चारलेलंच नसतं: नाटकात गोष्ट थांबता कामा नये. हे वाक्य मोठ्याने म्हणा, म्हणजे तपासता येईल. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आलं, त्यातली गोष्टही पदांसाठी थांबायची. बालगंधर्वांच्या पदांना वन्स मोअर पडत, प्रयोग उत्तररात्रीपर्यंत लांबत. ते नाटक नव्हतं, असं तो मुलगाही म्हणणार नाही. मग ती अट टिकत नाही आणि तिच्यावर उभा असलेला शेराही टिकत नाही.

यावरून झाडीपट्टीचं प्रत्येक नाटक चांगलं ठरत नाही, हेही लक्षात ठेवा. एखाद्या खेळात नाच नुसता घुसडलेला असेल, तर तसं स्पष्ट सांगावं.

आपली बाजूही अशीच तपासा. "माणसं थंडीत पहाटेपर्यंत बसतात, म्हणजे नाटक उत्तमच," असं आपण म्हणतो. इथे 'गर्दीला आवडतं ते उत्तम' हे आपण न बोलता धरून चाललो. मोबाईलवरच्या रील्सना हाच न्याय लावाल का? झाडीपट्टी रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्याचा अभिमान जरूर बाळगा. पण तो सन्मान त्यांच्या कामाचा, यंदाच्या प्रत्येक खेळाची ती पावती नव्हे. आणि "झाडीत जन्मलेल्यालाच हे कळतं" म्हणणारे तर दारच लावून घेतात. पाहून पाहून डोळा तयार होतो, हे त्यांच्या हिशेबातच नसतं.

यंदा मंडईत कुणी असा निकाल दिला, तर शांतपणे विचारा, "हे खरं ठरायला आणखी काय मानावं लागेल?" मग त्याला सोबत घेऊन रात्रीच्या नाटकाला बसा, आणि कुठलं गाणं गोष्टीला धरून होतं, कुठलं नव्हतं, यावर त्याच्याशी बोला.