नातवाकडे किती दिवस राहायचं?

वहिनी या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेत. न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडच्या घरात तळघरात गणपतीची आरास करणाऱ्या, त्याच. दादा निवृत्त झाले आणि दोघं फ्लोरिडात, टॅम्पाला राहायला गेले. या आठवड्यात त्यांचा फोन आला तो कर सल्लागाराच्या प्रश्नांवरून. "भाऊजी, देव कुठे ठेवलेत ते विचारतोय हो तो!"

आपल्याकडे प्राप्तिकर केंद्राचा. पुण्याचा पेन्शनर पणजीला गेला तरी त्यात फरक पडत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांचाही वेगळा प्राप्तिकर असतो. फ्लोरिडा, टेक्सास, नेवाडा तो घेत नाहीत. पूर्वी कॅलिफोर्नियासारखी राज्यं सोडून गेलेल्यांच्या पेन्शनवरही हक्क सांगत. 1996 च्या केंद्रीय कायद्यानं ते थांबलं. जुन्या राज्यातल्या घराचं भाडं मात्र तिथेच करपात्र राहतं.

पण राज्य खरंच सोडलं, हे सिद्ध करायचं कुणी? सोडणाऱ्यानं. न्यूयॉर्क पाहतं की मोठं घर कुठलं, कामधंदा कुठे, कुटुंब कुठे, जिवापाड जपलेल्या वस्तू कुठे. त्या वस्तूंवरून सल्लागारानं विचारलं होतं, आणि वहिनींच्या लेखी उत्तर एकच. सासूबाईंनी दिलेले पितळी देव त्यांनी कापसात गुंडाळून पर्समधून नेले. सामान हलवणाऱ्यांच्या बिलात सोफा आहे, देव नाहीत. ज्या दिवशी देव टॅम्पाला मांडले, त्या दिवशी वहिनींचं घर हललं. याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

मला खरा राग आहे तो दिवसांच्या हिशेबाचा. लेक न्यूयॉर्कमध्येच असते, तिला दिवस गेलेत, म्हणून दोघांनी लाँग आयलंडचं घर विकलेलं नाही. असं कायम राहण्याजोगं घर ठेवून वर्षात 183 हून जास्त दिवस न्यूयॉर्कमध्ये काढले, तर देव कुठेही असोत, राज्य तुम्हाला रहिवासीच धरतं आणि मग पेन्शनही त्याच्या करात येते. दिवसाचा थोडा भागही पूर्ण दिवस मोजतात. रात्री उशिरा विमान उतरलं, तरी तो दिवस गेलाच.

दादा आता कॅलेंडरवर खुणा करतात, विमानाची तिकिटं जपून ठेवतात. बाळंतपण, बारसं, मग लेक कामावर रुजू झाली की बाळाला सांभाळणं, आणि या सगळ्याला वरून मर्यादा. वहिनी विचारत होत्या, "बाळाला ताप आला आणि माझे दिवस संपलेले असले, तर?" मी सांगितलं, खुशाल राहा, कर भरा. दादांची पेन्शन बरी आहे, त्यांना ते झेपेल. ज्यांना झेपणार नाही अशा आज्या तिथे पुष्कळ असतील.

उपचारासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तर ते दिवस न्यूयॉर्क या मोजणीत धरत नाही. मग लेकीच्या बाळंतपणासाठी आलेल्या आईचे दिवसही वगळायला हवेत.