४० टक्के जीएसटीमुळे जुनी स्पोर्ट-टूरर घेताय? आधी नंबर प्लेट कुठली ते बघा

चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून संभाजीनगर गाठणाऱ्याला ६५० सीसीच्या स्पोर्ट-टूररचा मोह पडतो, यात नवल नाही. वारा अडवायला पुढे काच, फार वाकून बसायची शिक्षा नाही, मागे बॅग बांधायला जागा आणि चढावर दम न लागणारं इंजिन. अडचण किमतीची आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ती वाढली.

त्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. ३५० सीसीपर्यंतच्या बाईकवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यावरच्या बाईकवर आधी उपकर धरून ३१ टक्के लागत, आता ४० टक्के. म्हणजे करापूर्वी ५ लाखांची असलेली बाईक ६ लाख ५५ हजारांना पडायची, ती ७ लाखांची झाली. साहजिकच नजर जुन्या बाईककडे वळते.

गंमत अशी, की हा ४० टक्के कर जुन्या बाईकला लागतच नाही. घरगुती विक्रेत्याकडून घेतली तर जीएसटी शून्य. नोंदणीकृत डीलरला १८ टक्के भरावा लागतो, तोही फक्त त्याच्या नफ्यावर. ‘जीएसटी वाढलाय ना भाऊ’ म्हणत कुणी भाव चढवत असेल, तर बिनधास्त घासाघीस करावी.

खरा खर्च लपलेला असतो तो नंबर प्लेटमध्ये. अशा बाईक तालुक्याच्या गावात क्वचितच विकायला निघतात. त्या पुणे-मुंबईकडून येतात, नाहीतर परराज्यातून. परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आधी हातात हवी. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो आणि इथला रस्ता करही भरावा लागतो. तिकडे भरलेला कर परत मागता येतो, पण अर्ज त्या राज्यात जाऊन करायचा. वीस हजारांनी स्वस्त वाटलेली बाईक इथेच महाग पडते.

चाळीसगावला आता स्वतःचं परिवहन कार्यालय आहे, एमएच-५२. त्यामुळे नाव बदलायला जळगावला खेटे घालावे लागत नाहीत. फॉर्म २९ आणि ३० भरायचे, बाईकवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्रही. खरेदीनंतर ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. ‘पुढच्या महिन्यात करू’ म्हणणाऱ्या विक्रेत्यालाही यात धोका आहे. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. मधे बाईक किती हातांतून गेली, हे कोर्ट बघत नाही. विमा नावावर झालेला नसेल तर खरेदीदाराचा स्वतःच्या बाईकच्या नुकसानीचा दावाही अडकतो.

बाईक बघताना चॅसीचा नंबर आरसीशी ताडून पाहावा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ दिसलं तर टायर २०१९ च्या जूनमधला. मीटरवर सहा हजार किलोमीटर असले तरी तो बदलावा लागेल, आणि या बाईकचे टायर हजारांच्या हिशोबात जातात. तेवढी रक्कम सौद्यातून आधीच वजा करून मागावी.