लस कुणाला टोचायची?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांवरून देशभर वाद पेटला. त्यात रेबीजचे नाव प्रत्येकाच्या तोंडी होते, पण रेबीजचा विचार फारच थोड्यांनी केला. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळून बाकीच्यांची नसबंदी व लसीकरण करावे आणि ती उचलली तिथेच परत सोडावीत, असे नव्या आदेशात म्हटले होते. मधल्या दिवसांत जे बोलले-लिहिले गेले त्यात एका बाजूला होते लेकरांच्या जिवावर उठलेल्या कुत्र्यांचा बंदोबस्त मागणारे आईबाप, आणि दुसऱ्या बाजूला मुक्या जनावरांची कड घेणारे प्राणिप्रेमी. दोघांचाही कळवळा खरा होता. पण दोघांचे भांडण चालले होते रस्त्यावर कुत्री किती असावीत यावर. रेबीज टिकतो की संपतो हे मात्र प्रामुख्याने दुसऱ्याच आकड्यावर ठरते. असलेल्या कुत्र्यांपैकी किती कुत्र्यांनी गेल्या वर्षभरात लस घेतली, हा तो आकडा. वादाचा मोहरा त्या आकड्याकडे वळवावा, एवढ्याचसाठी हे संपादकीय.

हा रोग इतर साथींपेक्षा वेगळा का, ते आधी पाहू. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून विषाणू जखमेत उतरतो. बहुतेक विषाणू रक्तातून फिरतात, हा मात्र मज्जातंतू धरून मेंदूकडे सरकतो, आणि तेही संथपणे. चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा एक ते तीन महिने जातात, क्वचित वर्षाहूनही अधिक. पायाला चावले तर वाट लांबची, चेहऱ्याला किंवा मानेला चावले तर अगदी जवळची. लहान मुलांची उंची कुत्र्याच्या तोंडाशी येते, म्हणून त्यांना धोका जास्त. विषाणू मेंदूत पोचला, पाण्याचा घोट समोर येताच घशाचे स्नायू आवळू लागले, वाऱ्याच्या झुळकीनेही रोगी दचकू लागला, की मग वैद्यकाच्या हाती काही उरत नाही. २००४ साली अमेरिकेत लस न घेतलेली एक मुलगी दीर्घ बेशुद्धीत ठेवून वाचवली गेली. तीच पद्धत पुढे अनेकांवर वापरून पाहिली, पण ती भरवशाची ठरली नाही. लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असणारा असा दुसरा संसर्गजन्य रोग विरळाच. पण विषाणूचा हा संथपणाच माणसाच्या उपयोगी पडतो, कारण तो मेंदूत पोचण्याआधी शरीराला लढायला शिकवता येते. लुई पाश्चरने जुलै १८८५ मध्ये नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस टोचली ती याच अवधीत, आणि मुलगा वाचला. या गोष्टीला आता १४० वर्षे झाली.

उपचाराची पहिली पायरी घरातल्या मोरीत आहे. जखम वाहत्या नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवायची. या विषाणूच्या अंगावर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते, ते साबणाने विरघळते आणि विषाणू निकामी होतो. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळ लावून पंधरा मिनिटे. रडणाऱ्या पोराचा पाय धरून एवढा वेळ नळाखाली बसणे सोपे नसते, म्हणून बहुतेक ठिकाणी दोन तांबे पाणी ओतून काम उरकले जाते. त्यावर कुठे हळद, कुठे तिखट, कुठे चुना भरतात. त्याने जखमेची आग होते आणि विषाणू आत राहतो. दुसरी पायरी लसीची. पोटात चौदा इंजेक्शने ही आजही लोकांच्या मनात घर करून बसलेली भीती आहे. ती इंजेक्शने मेंढीच्या मेंदूपासून बनणाऱ्या जुन्या लसीची होती आणि आपल्या देशात ती लस दोन दशकांपूर्वीच बंद झाली. आता दंडात चार किंवा पाच वेळा सुई टोचतात, एवढेच. तिसरी पायरी बहुतेकांना ठाऊक नसते. लस घेतल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडे तयार करायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर तेवढे दिवस धकवण्यासाठी तयार प्रतिपिंडे थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचावी लागतात. दवाखान्यात याला सीरम म्हणतात. ते महाग असते आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असतेच असे नाही. आधी तिथे, मग ग्रामीण रुग्णालयात, मग जिल्ह्याच्या ठिकाणी अशी पायपीट करताना मजुराचा दिवस बुडतो. पुढच्या डोसाला तो येत नाही यात नवल काय?

या साऱ्यातून किती जण सुटतात आणि किती दगावतात, याचा हिशेबच मुळी धड नाही. २०२४ साली देशात सुमारे ३७ लाख श्वानदंशांची आणि रेबीजच्या ५४ संशयित मृत्यूंची नोंद झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी २०२२-२३ मध्ये घरोघरी जाऊन पाहणी केली, तिच्यातून निघालेला अंदाज वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा आहे. त्याच पाहणीत प्राणी चावलेल्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याने लसीचा एकही डोस घेतलेला नव्हता. नोंद आणि वास्तव यांत शंभर पटींचे अंतर पडते, कारण हे रोगी अनेकदा दवाखान्यातून ‘आता घरी न्या’ असे ऐकून परततात आणि घरीच जातात. त्यांचे निदान प्रयोगशाळेपर्यंत पोचत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या राष्ट्रीय पाहणीतला अंदाज वर्षाला वीस हजारांच्या घरातला होता. तेव्हा सुधारणा झाली हे मान्य केले पाहिजे, आणि ती माणसांना मोफत लस मिळू लागल्यामुळे झाली, हेही. पण या मार्गाने आपण शून्यावर कधीच पोचणार नाही. माणसाला दिलेली लस त्या एका माणसाला वाचवते, रोगाला धक्का लावत नाही. माणसापासून पुढे हा रोग सहसा कुणाला होत नाही. विषाणूची परंपरा चालते कुत्र्याकडून कुत्र्याकडे, आणि ती तिथेच तोडावी लागते.

ती तुटते का? हा रोग जितका भीषण, तितका पसरायला दुबळा आहे. गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांना रोग देऊ शकतो, म्हणून गोवर रोखायला शंभरातल्या पंचाण्णवांना लस द्यावी लागते. पिसाळलेले कुत्रे मरण्यापूर्वी सरासरीने दोनांपेक्षाही कमी कुत्र्यांना रोग देते. निरनिराळ्या देशांतल्या साथींचा अभ्यास झाला, तेव्हा विरळ वस्तीत आणि दाट वस्तीत हा आकडा साधारण तेवढाच आढळला. कुत्र्यांची संख्या निम्मी केली म्हणून रोग निम्मा होत नाही, तो यामुळे. आणि म्हणूनच शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली की साखळी तुटते. सत्तर अशासाठी, की रस्त्यावरच्या कुत्र्याचे आयुष्य तोकडे असते. वर्षभरात लस घेतलेली कुत्री मरतात, नवी पिल्ले येतात आणि हे प्रमाण घसरत जाते. लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी १९८३ पासून मिळून हा रस्ता धरला आणि २०१९ मध्ये कुत्र्यांमुळे होणाऱ्या मानवी रेबीजपासून मुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र मेक्सिकोने मिळवले. एवढ्या लांबही जायला नको. शेजारच्या गोव्यात सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी २०१४ पासून काम सुरू केले. जाळी घेतलेली पथके वाडीवाडीत, किनाऱ्याकिनाऱ्यावर फिरू लागली. कुत्रे धरायचे, लस टोचायची, डोक्यावर रंगाचा पट्टा ओढायचा आणि तिथल्या तिथे सोडायचे. फोनवर जागेची नोंद होई, त्यामुळे कुठली गल्ली राहिली ते संध्याकाळी नकाशावर दिसे. जोडीला शाळांतून धडे, आणि पिसाळलेले कुत्रे दिसल्यास कळवण्यासाठी दूरध्वनी सेवा. वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस मिळू लागली, कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि २०२१ मध्ये गोवा सरकारने सांगितले, की गेल्या तीन वर्षांत रेबीजने एकही माणूस दगावला नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो सरळ आहे: एवढा उपद्व्याप कशाला, कुत्री मारून टाका. हा उपाय आपल्याकडे जुनाच. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने कुत्री मारणाऱ्यांना इनाम लावले, त्यावरून पारशी समाज खवळला आणि फोर्टात दंगल उसळली. पुढेही अनेक नगरपालिकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले आणि रेबीज काही हटला नाही. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर १९९७ मध्ये बाहेरून बोटीने आणलेल्या मोजक्या कुत्र्यांबरोबर हा रोग शिरला. तिथे निम्म्याच्या आसपास कुत्री मारली गेली, तरी रोग मुक्कामाला राहिला. बालीत २००८ मध्ये तो उगवला. आधी विष घालून कुत्री मारली, आणि दोन वर्षांत सारे बेट व्यापले गेले. मग लसीकरण सुरू झाले तेव्हा रोग झपाट्याने उतरला, आणि मोहीम ढिली पडताच पुन्हा वर आला. याचे कारण कळायला सोपे आहे. मारणाऱ्यांच्या हाती लागतात ती माणसाळलेली, लस घेतलेली कुत्री. लोक आपली कुत्री लपवतात किंवा दुसऱ्या गावी नेऊन सोडतात आणि रोगालाच गाडीभाडे मिळते. रिकाम्या झालेल्या गल्लीत, उकिरडा तसाच असेल तर, लस न घेतलेली नवी कुत्री येतात. दयेचा मुद्दा घटकाभर बाजूला ठेवला तरी हा उपाय फसलेला आहे.

दुसरा आक्षेप प्राणिप्रेमींच्या आणि महापालिकांच्या कागदांतून येतो: नसबंदीबरोबर आम्ही लस देतोच की. देतात, हे खरे. पण शस्त्रक्रियेला पशुवैद्य लागतो, टेबल लागते, पिंजरे आणि काही दिवसांची देखभाल लागते. लस टोचायला मिनिट-दोन मिनिटे पुरतात. लसीला नसबंदीच्या शेपटीला बांधले, की जितक्या शस्त्रक्रिया तितक्याच लसी, आणि त्याही बहुधा आयुष्यात एकदा. या गतीने सत्तर टक्के कुठलेच शहर गाठणार नाही. नसबंदी जरूर चालू ठेवावी, तिचे लाभ वेगळे आहेत. पण लसीकरणाची मोहीम तिच्यापासून सुटी करून, दरवर्षी ठरलेल्या महिन्यात, पोलिओच्या रविवारासारखी राबवली पाहिजे. माझ्या मते आजच्या धोरणातली सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे.

तिसरा आक्षेप मात्र मान्यच केला पाहिजे. लस घेतलेले कुत्रेही चावते. सात-आठ कुत्र्यांच्या टोळीने एखाद्या मुलाला फाडले, तर त्या आईला ‘कुत्र्याला रेबीज नव्हता’ हे ऐकवणे क्रूरपणाचे ठरेल. दंश कमी करायचे तर कचरा उचलावा लागेल, खाटीकखान्यांचे आणि हॉटेलांचे उरलेसुरले उघड्यावर पडणार नाही हे पाहावे लागेल, आणि जी कुत्री खरोखर धोक्याची आहेत ती बाजूला काढावी लागतील. ते काम लांबचे आणि चिवट आहे. पण ते पुरे होईपर्यंत दंश आणि मृत्यू यांच्यातला दुवा तर तोडता येतो. चौथा आक्षेप, गोवा एवढेसे आणि महाराष्ट्र एवढा मोठा. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात भटकी कुत्री पावणेतेरा लाखांच्या घरात होती. त्यांचे सत्तर टक्के म्हणजे सुमारे नऊ लाख. आज ती जास्त असतील असे धरले, तरी हे काम गोव्याच्या दहा-बारा पट भरते, आणि महाराष्ट्राची लोकसंख्या, तिजोरी आणि यंत्रणा गोव्याच्या त्याहून किती तरी पट मोठी आहे. पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट जगाला लसी पुरवते, रेबीजसाठी प्रयोगशाळेत तयार केलेली प्रतिपिंडेही तिने बाजारात आणली. ज्ञान, कारखाने आणि माणसे यांची वाण इथे नाही. सिंधुदुर्गातले कुत्रे बांदा-पत्रादेवीचा नाका ओलांडताना कागदपत्रे दाखवत नाही, तेव्हा गोव्याने कमावलेले टिकवणेही आपल्याच हातात आहे.

आपली दिवाळी गाय-वासराच्या पूजेने, वसुबारसेने सुरू होते. पिसाळलेले कुत्रे माणसाइतकेच गोठ्यातल्या जनावरालाही चावते, आणि दुभती म्हैस तडफडून मेली तर त्या घराचे वर्ष बुडते. त्या मृत्यूंची तर कुठेच मोजदाद नाही. कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्र सरकारने २०२१ मध्ये जाहीर केला आहे. ती मुदत आता जवळ आली आहे. वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा देताना एक विनंती आहे. तुमच्या दारी मते मागायला जो उमेदवार येईल, त्याला गटार आणि रस्त्याबरोबर एवढे विचारा: आपल्या गावात, आपल्या प्रभागात कुत्री किती, आणि त्यांतल्या कितींना गेल्या वर्षी लस टोचली? दोन्ही आकडे मागा, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा मागा.