मापाआधींची तयारी

रक्ताच्या तपासणीचा अहवाल घरीं आला म्हणजे आपण आंकडे पाहतों. ते आंकडे ज्या मापानें निघाले, त्याचा विचार सहसा करीत नाहीं. आज त्याविषयींच चार शब्द आम्ही लिहिणार आहों. मोठ्या प्रयोगशाळांतून ९६ खळग्यांच्या तबकडींत द्रव ओतण्याचें काम स्वयंचलित यंत्रें करितात. यंत्र थकत नाहीं हें खरें; परंतु तें सदोष असल्यास तोच दोष ९६ वेळां निमूटपणें गिरवितें. म्हणून कामास लावण्यापूर्वीं त्याची सिद्धता करावी लागते.

कांहीं यंत्रांच्या नळ्यांत पाणी भरलेलें असतें. त्यांतून प्रथम पाणी खेळवून हवेचे बुडबुडे घालवितात. पाणी सहसा दबत नाहीं, हवा दबते. त्यामुळें दट्ट्या नेमका सरकला तरी बुडबुडा त्याची चाल गिळतो आणि माप चुकतें. ज्या यंत्रांत दट्ट्या व द्रव यांमध्यें हवाच असते, तेथें टोकाची नळी त्याच द्रवानें एकदोनदां भिजवितात; कोरड्या नळींत द्रवाची वाफ होते व पहिलें माप कमी भरतें. शिवाय ठराविक मुदतीनें सूक्ष्म तराजूची साक्ष घ्यावयाची: २० अंश सेल्सिअसला १०० मायक्रोलिटर पाणी सुमारें ९९.८ मिलिग्रॅम भरलें पाहिजे.

या तयारीस वेळ जातो. पण अहवालावरून औषधाची मात्रा ठरते, हें विसरून कसें चालेल? ‘आपल्या मापांची तपासणी केव्हां झाली?’ असें प्रयोगशाळेंत विचारण्यास वाचकांनीं संकोचूं नये, असें आम्हांस वाटतें.