चाकांवरचा संसार चोरीला जातो तेव्हा

चोपड्यात आमच्या वस्तीत एक ताई राहतात. पतीच्या निधनानंतर दोन लेकरांचा भार एकटीवर पडला. केळीच्या बागेत रोजंदारी करून त्यांनी पै-पै जमवली, थोडे कर्ज काढले आणि जुना छोटा हत्ती घेतला. गाडी चालवायला स्वतः शिकल्या. मागच्या हौद्यावर पत्र्याचे छप्पर चढविले, शेगडीसाठी ओटा केला, एका अंगाला झोपण्यापुरती फळी ठोकली. बाजाराच्या गावी कळण्याची भाकरी, भरीत नि ठेचा विकायचा; यात्रेत मुक्काम पडला तर लेकरांना घेऊन त्यातच झोपायचे. गाडी हेच दुकान आणि गाडी हेच घर.

एका पहाटे तापीकाठच्या एका गावी त्या लेकरांना घेऊन ओळखीच्या घरी अंघोळीला गेल्या. परत येऊन पाहतात तो गाडी जागेवर नाही! भांडी, सिलिंडर, गल्ला, मुलांची दप्तरे, कागदपत्रांची पिशवी, सारे गेले.

बातमी वस्तीत आली तेव्हा पहिला प्रश्न कोणता निघाला? "एकट्या बाईने बाहेर मुक्काम करायचाच कशाला?" खोटे कशाला बोलावे, आमच्याही तोंडी हाच प्रश्न आला होता. ताई एवढेच म्हणाल्या, "घरी बसले असते तर लेकरांना काय वाढलं असतं?" आमची मान खाली गेली. चोरी केली चोराने, आणि हिशेब मागत होतो आम्ही तिच्याकडे!

मग मात्र कामे वाटून घेतली. शिकलेली एक मुलगी ताईंसोबत पोलीस ठाण्यात गेली. तेथे "ही आमची हद्द नाही" असे उत्तर मिळाले. बहिणींनो, हे उत्तर ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडो, ठाण्याने तो नोंदवून घ्यायचा असतो. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. त्याची प्रत फुकट मिळते. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवावी. फिर्यादीत गाडीचा क्रमांक, चेसिस व इंजिन क्रमांक आणि आतल्या सामानाची यादी द्यावी. हरवलेले दाखलेही लिहावेत. दुसरी प्रत काढताना त्या नोंदीचा उपयोग होतो.

त्यानंतर विमा कंपनी, आर.टी.ओ. आणि कर्ज देणारी बँक यांना लेखी कळवावे व पोच घ्यावी. गाडीच्या दोन्ही किल्ल्या जपून ठेवाव्यात, कंपनी त्या मागते. फिर्याद वेळेत दिली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळविले म्हणून दावा नाकारता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला आहे. गाडीत बदल केले असतील तर त्यांची नोंद आर.सी. बुकात आणि विम्यात आधीच करून ठेवावी, नाहीतर भरपाईच्या वेळी वाद होतो. कर्ज असेल तर भरपाईतून बँकेचे देणे आधी फिटते.

ताईंचा विमा मात्र नुसता थर्ड पार्टी निघाला. त्यात चोरीची भरपाई नसते. तोवर धीराने उभी असलेली ती बाई त्या दिवशी रडली.

वर्गणीचे नाव काढताच ताईंनी हात जोडले. "भीक नको, उसने द्या." महिला मंडळाच्या भिशीत ज्या बाईचा नंबर होता, तिने तो ताईंना दिला. एकाने पडून असलेली हातगाडी काढून दिली. शेजारच्या आजींनी पहाटे मुले सांभाळली. रकमा वहीत लिहिल्या, खाली ताईंची सही. हप्ता थकण्याआधीच एक जण त्यांच्यासोबत बँकेत गेला आणि मुदतीसाठी अर्ज दिला.

पुढच्या वाटाही आहेत. २०२० साली सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत फेरीवाल्यांना तारणाशिवाय कर्ज मिळते. नगरपरिषदेचे ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागते. १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ अनुसूचित जाती व नवबौद्धांना व्यवसायासाठी साहाय्य देते. त्यासाठी जातीचा व उत्पन्नाचा दाखला तयार ठेवावा, दलालाला पैसा देऊ नये. स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा.

गाडी अजून सापडलेली नाही. ताई हातगाडीवर उभ्या आहेत, वहीतल्या दोन रकमा फिटल्या आहेत. मुले शाळेत जातात.

आज रात्री एवढे करा: गाडीचे नंबर वहीत उतरवा, विम्याचा कागद कोणाकडून तरी वाचून घ्या, दाखल्यांच्या झेरॉक्स दुसऱ्या घरी ठेवा. आणि ताईंच्या हातगाडीवर भाकरी खायला गेलात तर ओळखीचे म्हणून फुकट खाऊ नका. पैसे मोजून खा. खरी मदत तीच.