दिल्लीत जात असते, चर्चमध्ये नसते

मद्रासच्या रस्त्याकडेला बसून जोडे शिवणाऱ्या सूसई नावाच्या माणसाला एक टपरी हवी होती. 1982 च्या सुमारास केंद्राच्या एका योजनेतून तमिळनाडूत अनुसूचित जातींतल्या चांभारकाम करणाऱ्यांना फुकट टपऱ्या देण्यात आल्या. सूसई मूळचा आदि-द्रविड. हिंदू राहिला असता तर यादीत बसला असता. पण तो ख्रिस्ती होता, म्हणून बाहेर राहिला. टपरीचं भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 30 सप्टेंबर 1985 रोजी त्याची याचिका फेटाळली गेली.

न्यायालयाने दिलेलं कारण मोठं मासलेवाईक आहे. धर्म बदलल्यावरही जात चिकटून राहते, एवढं दाखवून भागणार नाही, असं न्यायालय म्हणालं. हिंदू समाजात त्या जातीच्या माणसाला जो जाच सोसावा लागतो, तितकाच जाच ख्रिस्ती समाजातही सोसावा लागतो, हे सिद्ध करायला हवं आणि तसा पुरावा समोर नाही. थोडक्यात, सूसईला टपरी हवी असेल तर त्याने आपल्याच चर्चचं पाप वेशीवर टांगायचं होतं. आता हा पुरावा असतो कोणाच्या कपाटात? धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) नोंदवह्या, दफनभूमीचे नकाशे, सणाच्या मानपानाच्या याद्या रस्त्यावरच्या चांभाराकडे नसतात. त्या बिशपांच्या कचेरीत असतात.

तेव्हापासून आजपर्यंत भारतातली चर्चं या प्रश्नावर दोन तोंडांनी बोलत आली आहेत. दिल्लीत, न्यायालयात आणि आयोगासमोर ती सांगतात की आमच्यात जातिभेद आहे, दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातीचा दर्जा द्या. गावच्या चर्चमध्ये तोच प्रश्न विचारला की उत्तर येतं, प्रभूच्या घरात कसली आली जात! पहिलं म्हणणं खरं आहे आणि मागणी न्याय्य आहे. दुसरं वाक्य तिचा पाया पोखरतं.

पुराव्याची वानवा कधीच नव्हती. त्रिचीत मेलापुदूरच्या कॅथलिक दफनभूमीत मधोमध भिंत आहे. अलीकडे वरच्या जातींचे मृत, पलीकडे दलित मृत. नव्या कराराच्या शिकवणीप्रमाणे शेवटच्या दिवशी सगळे एकदमच उठायचे आहेत. तेव्हा या भिंतीचं काय करायचं, याचा विचार बांधणाऱ्यांनी केला होता की नाही कोण जाणे. तेव्हाच्या विळुपुरम जिल्ह्यातल्या एरैयूरला तर माणसं गेली. तिथल्या दलित ख्रिस्ती वस्तीला वेगळा धर्मग्राम हवा होता, कारण मूळच्या चर्चमध्ये वण्णियार ख्रिश्चनांचा वरचष्मा. मार्च 2008 मध्ये वण्णियार ख्रिश्चनांचा जमाव दलितांच्या वस्तीवर चालून गेला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात दोघे ठार झाले. चालून जाणारे कॅथलिक आणि ज्यांच्यावर चालून गेले तेही कॅथलिक.

याच्या चारेक वर्षं आधी, नोव्हेंबर 2003 मध्ये, तमिळनाडूचे बिशप रोमला गेले होते, तेव्हा पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्ती समाजातल्या जातिभेदाबद्दल त्यांना तोंडावर सुनावलं होतं. डिसेंबर 2016 मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता आहे, अशी उघड कबुलीही दिली. कबुली देणं हे छोटं काम नाही. आपल्याकडच्या किती देवस्थानांनी एवढं लेखी दिलं आहे, हा प्रश्न हिंदू वाचकाने स्वतःला विचारायला हरकत नाही. पण भिंत एखाद्या गावात असते आणि धोरण पुस्तिकेत असतं.

गोव्याची गोष्ट जुनी आहे, आणि तिच्यात बारकावेही जास्त. तिथे बाप्तिस्मा झाला तो बऱ्याचदा गावंच्या गावं धरून. माणसं पाण्याखालून गेली आणि पलीकडे निघाली ती बामण, चार्डो, सुदिर अशी आपापल्या जातींच्या ओळींतच. गावकारी तीच राहिली, देवळाच्या जत्रेतले मान चर्चच्या फेस्तात आले. सेवाभावासाठी काढलेली कॉन्फ्रारिया ही मंडळं पुष्कळ गावांत जातीच्या किंवा गावकारांच्या ताब्यात गेली. मिरवणुकीत कोणी कोणत्या रंगाचा झगा घालायचा, पालखीच्या जवळ कोणी चालायचं, सणाचा खर्च करण्याचा मान कोणाचा, याचे वाद पुढे बिशपांपर्यंत आणि कोर्टापर्यंत गेले. रोवेना रॉबिन्सन यांनी सासष्टीतल्या एका गावाचा अभ्यास करून 1998 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. फेस्तातल्या मानांवर चार्डोंची पकड कशी होती आणि सुदिरांनी तिला कशी टक्कर दिली, हे त्यात सविस्तर आलं आहे. खर्च करण्याचाही मान असतो आणि तो मिळावा म्हणून माणूस भांडतो, हे पंढरपूर-जेजुरीच्या महाराष्ट्राला वेगळं समजावून सांगायला नको.

पण याच गोव्यातले बामण पाद्री स्वतः पक्षपाताचे बळी होते. दिवाडी बेटावरच्या मातेउश द काश्त्रू याला सतराव्या शतकात गोव्याच्या आर्चबिशपांनी धर्मगुरूची दीक्षा द्यायला नकार दिला, कारण तो एतद्देशीय. पठ्ठ्या रोमला गेला, तिथे दीक्षा घेतली, 1637 मध्ये बिशप झाला आणि मग परतला. पोर्तुगिजांनी तरीही त्याला मानलं नाही. तो आदिलशाही मुलखात, डिचोलीला जाऊन बसला. तिथून 1653 मध्ये त्याने पोर्तुगिजांविरुद्ध एक जळजळीत पत्र लिहिलं. त्याचं नाव ‘ब्राह्मणांचा आरसा’. अन्याय एतद्देशीय म्हणून झाला. दाद मागताना मात्र त्याला आठवले ते फक्त ब्राह्मण. आरसा धरला खरा, पण त्यात बघायची परवानगी एकाच जातीला.

त्याच शतकाच्या अखेरीस एतद्देशीय पाद्रींनी जुन्या गोव्यात आपली स्वतंत्र संस्था उभारली, ती ओरेटरी. श्रीलंकेत डच अमलाखाली लपूनछपून फिरत कॅथलिकांना जगवणारे जुझे वाज हे याच संस्थेचे. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी 2015 मध्ये कोलंबोला त्यांना संतपद दिलं. माणूस थोरच होता. पण युरोपी संघांनी दार लावलं म्हणून निघालेल्या या संस्थेत प्रवेश मिळे तो बामण पाद्रींनाच. मग चार्डो पाद्रींनी काय केलं? त्यांनी चिंबलला कार्मेलाइटांचा आपला वेगळा मठ काढला. सुदिरांसाठी वेगळं काही काढायचं कोणाला सुचलं नाही. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या 1787 च्या पिंटोंच्या बंडामागेही चर्चमधल्या आणि फौजेतल्या बढत्यांत होणारा अन्याय होता. त्यात पंधरा जणांना मृत्युदंड झाला. गोरे पोर्तुगीज आपल्याला खालच्या पायरीवर बसवतात याची चीड येण्याइतका स्वाभिमान ज्यांच्यात होता, त्यांनाच आपल्या खालची पायरी दिसत नव्हती. ‘आरसी (रोमन कॅथलिक) बामण’ स्थळ पाहिजे, अशा जाहिरातींतून ती पायरी नंतरही शिल्लक राहिली.

केरळात हीच गोष्ट गाण्यातून आणि बंडातून पुढे आली. पोयकयिल योहन्नान हे परया समाजात जन्मले, सिरियन ख्रिश्चनांच्या मंडळींत उपदेशक झाले, आणि तिथली जात पाहून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाहेर पडले. रोमकरांना, करिंथकरांना पत्रं आहेत, पुलयांना लिहिलेलं पत्र बायबलात कुठे आहे, असा त्यांचा सवाल असे, असं सांगतात. त्यांनी प्रत्यक्ष रक्षा दैव सभा हा वेगळा पंथच काढला. त्याच केरळात क्नानाय जमातीच्या कॅथलिकांना 1911 पासून कोट्टायमला स्वतःची वेगळी धर्मसत्ता आहे, आणि जमातीबाहेर लग्न केलं की सभासदत्व जातं. हा वंशशुद्धीचा नियम 2021 मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने नाकारला आणि वाद वर गेला.

महाराष्ट्रातलं चित्र वेगळं, पण फार वेगळं नाही. नगर भागात अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये आलं. पहिली काही नावं ब्राह्मणांची, नंतरची हजारोंची रांग महार-मांगांची. इतिहासात नावानिशी आठवली जातात ती मात्र बहुतेक पहिलीच. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याच्या मागोमाग नगरला येऊनही त्यांनी सोवळं कसं सांभाळलं आणि ते हळूहळू कसं गळून पडलं, हे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी स्वतःला न वाचवता सांगितलं आहे. विटाळाची भीती आपल्यालाही होती, एवढं सांगायला त्यांना आडपडदा वाटला नाही. बिशपांच्या पत्रकांत इतका सरळपणा क्वचित सापडतो. खालच्या रांगेतही सगळं आलबेल नव्हतं. महारांनी मांगांच्या पंगतीला बसायला कां-कूं केल्याच्या तक्रारी मिशनऱ्यांच्या कागदांत येतात.

1938 च्या सुरुवातीला डॉ. आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती मंडळींच्या परिषदेत बोलले. धर्मांतराची घोषणा करून त्यांना दोन वर्षं झाली होती, त्यामुळे सगळ्याच धर्मांचे लोक त्यांच्याकडे आशेने बघत होते. यजमानांना गोड वाटेल असं बोलणं सोपं होतं. त्यांनी दोन गोष्टी काढल्या. एक, दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते. दुसरी, महाराचा मुलगा ख्रिस्ती झाला की त्याची शिष्यवृत्ती जाते. आजचा सगळा वाद या दोन वाक्यांत आहे, आणि तो घटनेच्या बारा वर्षं आधी मांडला गेला आहे.

घटना आल्यावर 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती फक्त हिंदूंसाठी राखल्या. 1956 मध्ये शीख आत आले, 1990 मध्ये बौद्ध. बौद्ध धर्मातही जात नाही, शीख पंथातही नाही. तरी त्यांना दर्जा मिळाला, कारण धर्मग्रंथात जात नसली तरी गावात असते, हे सरकारला तेव्हा समजलं होतं. ख्रिश्चनांची आणि मुसलमानांची वेळ आली की तेच सरकार धर्मग्रंथ उघडून बसतं. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, ते धूळ खात पडलं. ऑक्टोबर 2022 मध्ये याच प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. एप्रिल 2025 मध्ये आंध्रच्या उच्च न्यायालयाने एका पास्टरला अॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण नाकारलं. कारण तेच: ख्रिस्ती धर्मात जात नसते.

याचा परिणाम गावात दिसतो तो असा. एकाच वाड्यातल्या दोन चुलतभावांपैकी बौद्ध झालेल्याला दाखला मिळतो, ख्रिस्ती झालेल्याला नाही. मग रविवारी चर्चमध्ये एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. घरात येशूची तसबीर, कागदावर हिंदू. नोव्हेंबर 2024 मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा दुहेरीपणाला घटनेशी केलेली फसवणूक म्हटलं. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. पण ढोंगाचा शिक्का बसला तो पोटासाठी दोन नावं लावणाऱ्या माणसावर. दोन तोंडांनी बोलणारे सरकार आणि चर्च त्यातून सहीसलामत सुटले.

नव्या करारात याकोबाचं पत्र आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात सभेत शिरणाऱ्या दोघांचं वर्णन येतं. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी, दुसऱ्याचे कपडे मळके. पहिल्याला चांगली जागा, दुसऱ्याला उभं राहा किंवा पायाशी बस. याकोब त्यावरून मंडळीची हजेरी घेतो. हा अध्याय तमिळ, मल्याळम, कोकणी, मराठी अशा सगळ्या भाषांत छापलेला आहे आणि चर्चमध्ये वाचलाही जातो. वाचणाऱ्यांच्या समोर बाकं असतात आणि कोण कुठे बसलं आहे हे त्यांना व्यासपीठावरून सगळ्यांत स्वच्छ दिसतं.

अलीकडे काही दारं उघडली, हे नाकारायचं कारण नाही. 2000 मध्ये हैदराबादला मारंपुडी जोजी हे पहिले दलित आर्चबिशप झाले. 2022 मध्ये त्याच हैदराबादचे अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल. रोमहून लाल टोपी यायला इतकी वर्षं लागली. भारतीय कॅथलिकांत दलितांचा वाटा मोठा, निम्म्याहूनही जास्त आहे असं चर्चची माणसंच सांगतात. सेमिनरीच्या प्राचार्यांत, महाविद्यालयांच्या व्यवस्थापनांत, मोठ्या शाळांच्या प्रवेशयाद्यांत तो वाटा किती, हे मात्र धर्मप्रांत आपण होऊन फारसे छापत नाहीत. नामांकित मिशनरी शाळेत प्रवेशासाठी पालकांची रांग लागते, तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या गरीब ख्रिस्ती घरच्या मुलाचं काय होतं, हे मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही धर्मग्रामात विचारून बघावं.

बालकृष्णन आयोगासमोर सूसईच्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे: ख्रिस्ती समाजात जातीचा जाच किती? प्रत्येक बिशप आपल्या धर्मप्रांतातल्या वेगळ्या दफनभूमी, जातीची मंडळं, सणांचे राखीव मान आणि धर्मगुरूंची जातवार संख्या लिहून आयोगाला पाठवू शकतो. त्याला संशोधक लागत नाहीत, अनुदान लागत नाही. लागते ती एक वही आणि दोन महिन्यांची सवड. सूसई मद्रासच्या फुटपाथवर ही वही कुठून आणणार होता?

– वाटसरू