लांब शब्दांची उकल

मुरुडास आलेली मंडळी राजपुरीहून होडीने जंजिरा पाहावयास जातात. किल्ल्याची देखरेख करणारे खाते म्हणजे १८६१ साली स्थापन झालेले ‘आर्किऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया’. त्यातील पहिल्याच शब्दाशी पुष्कळ मुले अडखळतात. ‘नीट वाच’ असे दटावल्याने शब्द सोपा होत नाही. तो सोडवून दाखवावा लागतो.

प्रथम अवयव पाडावेत. ते लिपीतील अक्षरांवरून नव्हे, कानास ऐकू येणाऱ्या स्वरांवरून मोजावयाचे: आर्-कि-अ-लॉ-जि-कल, असे सहा. मग मुख्य आघात शोधावा. तो येथे ‘लॉ’वर आहे.

आपल्या कानास वृत्तांतील लघुगुरूंची सवय. इंग्रजी आघात मात्रांच्या त्या हिशेबाने चालत नाही. ज्या अवयवावर तो पडतो तो जोराने, किंचित लांबवून उच्चारतात, आणि शेजारचे स्वर पुष्कळदा पुसट ‘अ’सारखे होतात. आपण मात्र प्रत्येक अक्षरास सारखाच मान देतो. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात ‘फो’वर आहे. ‘फोटोग्राफी’ म्हणताच तो दुसऱ्या अवयवावर सरकतो व उच्चार ‘फ-टॉ-ग्र-फी’ असा होतो. ‘फोटोग्राफिक’मध्ये तो तिसऱ्यावर, ‘ग्रॅ’वर जातो.

काही खुणा घरी सहज शिकविता येतात. शब्दाच्या शेवटी ‘शन’ असल्यास आघात त्याच्या लगतच्या अवयवावर पडतो: ‘फोर्टिफिकेशन’मध्ये ‘के’, ‘ॲम्युनिशन’मध्ये ‘नि’. ‘इक’चेही बहुधा असेच: ‘हिस्टॉरिक’मध्ये ‘टॉ’. ‘इकल’ व ‘इटी’ शेवटी आल्यास शेवटून तिसरा अवयव धरावा. ‘इलेक्ट्रिसिटी’मध्ये तो ‘ट्रि’ होय. अपवाद आहेतच: अंकगणितास ‘अरिथ्मेटिक’ म्हणताना जोर ‘रिथ्’वर येतो. शंका आल्यास कोश उघडावा. अनेक कोशांत आघाताच्या अवयवापूर्वी लहानशी उभी रेघ असते.

इतका खटाटोप कशासाठी? मराठी वळणाचा उच्चार हा दोष नव्हे. त्याची लाज मुलांस मुळीच वाटू देऊ नये. पण आघात भलत्याच जागी पडला, तर वर्ण शुद्ध असूनही ऐकणारास पुष्कळदा शब्दच उमगत नाही. तो पुनःपुन्हा ‘काय?’ विचारतो, आणि हुशार मूलही पुढे तोंड उघडावयास धजत नाही.

म्हणून रोज एकच शब्द घ्यावा. आईने अथवा आजोबांनी बोटांवर अवयव मोजावेत आणि आघाताच्या जागी मुलाने टाळी वाजवावी. आठवडाभर हे करून मग तोच शब्द वाक्यात घालून मोठ्याने म्हणवून घ्यावा.